घरात चित्रांसाठी वेगळी खोली करायची आहे, खालची खोली घेऊ की गच्ची? (सांगली)

रंगधानी_सांगली

नमस्कार मंडळी. आजवर नुसतीच वाचत होते, आज लिहितेय, पोस्ट मोठी आहे त्याबद्दल आधीच सॉरी.

सांगलीत शंभर फुटी रोडच्या पलीकडं आमचं घर आहे, तळमजला, पहिला मजला आणि वर मोकळी गच्ची. शाळेत चित्रकला शिकवायचे, ते आता सोडलंय. शनिवार-रविवार घरीच मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटचं शिकवते आणि बाकीचे दिवस माझं स्वतःचं काम, ऑइल जास्त, ॲक्रिलिक थोडं, मूड लागला तर जलरंग. हे सगळं सध्या हॉलमध्ये चालतं. म्हणजे पाहुणे आले की इझल उचला, ओला कॅनव्हास कपाटामागं सरकवा, आणि टर्पेंटाइनची बाटली उघडली की सासूबाई स्वयंपाकघरातून खोकून दाखवतात. बोलत काही नाहीत, नुसतं खोकतात.

तर आता एक खोली फक्त कामासाठी करायची असं घरात ठरलंय. जागा दोन आहेत. एक खाली मागच्या बाजूची खोली, १० बाय १२, पश्चिमेला एक खिडकी, सध्या अडगळ भरलीय. ती जवळजवळ फुकटात पडते, रंग मारला फरशी बदलली की झालं. पण २०१९ च्या पुरात तिथं गुडघ्याच्या वर पाणी होतं आणि भिंतीला लोणा अजून फुटतोय. दुसरी जागा गच्ची. मिस्त्री म्हणतोय ताई १२ बाय १८ चा पत्रा मारून देतो, चारी बाजूंनी वीट घालू, दिवाळीच्या आत तुम्ही मोकळ्या.

त्यात अजून एक गंमत. आमच्या ह्यांना हार्मोनियमचा नाद आहे, अभंग गातात आणि यूट्यूबला टाकतात. त्यांचं म्हणणं, एवढा खर्च करतेयसच तर माझं रेकॉर्डिंग पण त्याच खोलीत बसव, कोपऱ्यात अंड्याचे ट्रे चिकटवले की काम झालं.

बजेट चारेक लाख, ओढून ताणून साडेचार. खाली करू की वर? खिडकी उत्तरेलाच पाहिजे असं सगळीकडं वाचलंय पण मिस्त्री आणि सासरे दोघंही पूर्वेचा धोशा लावून बसलेत. आणि ही दोन्ही कामं एका खोलीत होतात का हो खरंच?

गावभाग_तळमजला

ताई मी नदीकाठच्या गावभागात राहतो, एवढं सांगितलं की पुढचं तुम्हाला कळलं असेल. खाली काहीही करू नका.

आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं, २०२१ ला परत आलं, २००५ चं तर आमचे वडील अजून सांगत बसतात. फर्निचर वाळवता येतंय, फ्रीज दुरुस्त होतोय, कागदावरचं चित्र काय करणार? आमच्या गल्लीत एका आजोबांच्या स्केचबुका होत्या, कपाटाच्या खालच्या कप्प्यात, पाणी उतरल्यावर त्या चिखलासकट घमेल्यानं भरून बाहेर काढल्या. बघवत नव्हतं.

आणि पूर सोडा, पूर नाही आला तरी आपल्याकडं काळ्या मातीत जोत्यातनं ओल वर चढत राहतीय. लोणा फुटलेल्या भिंतीवर कितीबी पुट्टी मारा, पुढच्या पावसाळ्याला पोपडे खाली.

स्लॅब_बीम_कॉलम

मी सिव्हिलवाला, ऑफिस कुपवाडला. गच्चीच बरी याला माझं पण अनुमोदन, पण मिस्त्री म्हणतोय तशी नको.

पहिला प्रश्न म्हणजे घराचं आरसीसी ड्रॉइंग आहे का, आणि गच्चीवर कॉलमच्या सळया वर सोडलेल्या दिसतात का? कारण असं आहे की राहत्या खोलीच्या स्लॅबला डिझाइन करताना चौरस मीटरला २०० किलो चल भार धरतात आणि वावरायच्या गच्चीला आयएस ८७५ प्रमाणे १५० च. यात माणसं, इझल, कपाट सगळं आलं. भिंतीचं वजन यात नाही, ते वेगळं. नऊ इंची वीटभिंत दहा फूट उंच घेतली तर एका धावत्या मीटरला सव्वा टनाच्या वर जातंय, आणि मिस्त्री ती भिंत कुठं घालणार तर जिथं खोली चौकोनी दिसते तिथं, मग खाली बीम असो नसो. तीच भिंत चार इंची सिपोरेक्स म्हणजे हलक्या काँक्रीटच्या ब्लॉकची केली तर दोन्ही बाजूच्या गिलाव्यासकट साडेतीनशे किलोच्या आत बसते. तेव्हा भिंत बीमच्या डोक्यावरच, आणि ब्लॉकचीच. १२ बाय १८ हा आकडा मिस्त्रीच्या पत्र्याच्या मापावरून आलाय, तुमच्या बीमवरून नाही, तो आधी डोक्यातून काढा.

आता पत्रा. साधा पत्रा मारला तर एप्रिल-मेत, सांगलीत पारा ४० ला टेकतोय तेव्हा, अकरानंतर वर कोणी जाणार नाही, मग चार लाखाची अडगळीची खोली तयार. पफ पॅनल घ्या, ५० मिलिमीटर जाडीचं, दोन पत्र्यांच्या मधे फोम भरलेला असतो, उन्हाळ्यात फरक लगेच कळतो. फक्त एक, तुम्ही टर्पेंटाइन वापरता आणि पफ पेटला की धूर फार वाईट, त्यामुळं वायरिंग नीट पाइपातून, जोड उघडे नकोत. रॉकवूल म्हणजे दगडापासून केलेली लोकर भरलेलं पॅनल पण मिळतं, ते जळत नाही, पण जड असतं आणि महाग. मी असतो तर तेच बघितलं असतं.

लोखंडी सांगाडा कॉलमच्या डोक्यावर बेसप्लेट टाकूनच उभा करा. कोब्याला जागोजागी भोकं पाडून फास्टनर ठोकू देऊ नका, नाहीतर खालच्या बेडरूममध्ये पहिल्याच पावसात बादल्या.

आणि पत्रा असला तरी गच्चीवरची कायमची खोली म्हणजे बांधकामच असतं हो. महापालिकेच्या नगररचना विभागात नकाशा दाखल करा, निळ्या-लाल पूररेषेत घर कुठं येतं ते पण तिथंच बघून घ्या. "सगळे करतात काही होत नाही" हे मिस्त्रीचं वाक्य असतं, घर विकताना किंवा कर्ज काढताना मिस्त्री सोबत नसतो.

रंगधानी_सांगली

बापरे. सव्वा टन. मिस्त्रीला विचारलं तर म्हणाला "ताई हत्ती उभा केला तरी काय होत नाही". ड्रॉइंग सासऱ्यांच्या ट्रंकेत असेल, शोधते.

सातारचा_उजेड

मी साताऱ्यात राहतो, ऑइलमध्ये काम करतो, उजेडाबद्दल विचारलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो कारण हा विषय आला की सगळे "उत्तर उत्तर" करतात आणि पुढं काही सांगत नाहीत.

उत्तरेचा उजेड कशासाठी? थेट ऊन येत नाही, नुसता आकाशाचा उजेड येतो, तो सकाळपासून चारपर्यंत बऱ्यापैकी सारखा राहतो, मॉडेलवरची सावली सरकत नाही, कॅनव्हासवर चमक येत नाही. बरोबर आहे. पण हा नियम युरोपातल्या चित्रकारांनी बांधला, तिथं दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेलाच असतो. आपण कर्कवृत्ताच्या खाली राहतो राव. सांगली साधारण १६.८५ अंश अक्षांशावर आहे. पेपरात दरवर्षी शून्य सावलीच्या दिवसाची बातमी येते ना, तुमच्याकडं तो मेच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि परत ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. या दोन तारखांच्या मधले तीन महिने दुपारचा सूर्य तुमच्या डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे उत्तरेच्या खिडकीत ऊन येणार!

घाबरू नका, दुपारचं ऊन सोपं आहे. २१ जूनला सुद्धा सूर्य डोक्यापासून साडेसहा अंशच उत्तरेला सरकतो, चार फूट उंच खिडकीला सहा इंचाचा छज्जा पण पुरतो आणि आपण दीड-दोन फुटाचा घालतोच. त्रास सकाळ-संध्याकाळचा आहे. मार्च ते सप्टेंबर सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो, जूनमध्ये तर जवळपास २५ अंश, आणि मावळताना तसाच पश्चिमेच्या उत्तरेला. ते ऊन खालून तिरपं येतं, त्याला छज्जा काय करणार? त्याला खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या लागतात. हिशोब सोपा, खिडकी जेवढी रुंद त्याच्या निम्मी पट्टी बाहेर. चार फुटी खिडकीला दोन फूट. एवढी मोठी पट्टी नको असेल तर एक रुंद खिडकी न करता दोन-दोन फुटाच्या तीन करा आणि मधे पट्ट्या द्या, फूटभर बाहेर काढल्या तरी भागतं. जून-जुलैत आपल्याकडं ढगच असतात म्हणून खरा ताप मे महिन्याचा आणि पाऊस लांबला तर जूनच्या सुरुवातीचा, पण मुलांचे क्लास मे महिन्यातच भरतात ना.

खिडकी खालून साडेतीन-चार फुटावर सुरू करा आणि वर जाईल तेवढी न्या. उंचावरून आलेला उजेड खोलीत आतपर्यंत जातो, खाली आलेला नुसता फरशीवर पडतो. सातारा जिल्ह्यातल्या औंधचं श्री भवानी संग्रहालय बघितलंय का? बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ ला उभं केलं, ते स्वतः चित्रकार होते, आणि दालनांत उजेड वरून येतो, चित्रावर ऊन पडत नाही आणि डोळ्यात पण येत नाही. राजा रविवर्म्याची चित्रं बघायला लोक जातात, हेन्री मूरचं शिल्प बघून चकित होतात, तुम्ही या खेपेला मान वर करून खिडक्या बघा. आम्ही साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे जातो, तुम्हाला विटा-पुसेसावळीकडून पडेल.

पण म्हणून छतात पारदर्शक पत्रा टाकू नका!! कोणीतरी सुचवणारच. आपल्या अक्षांशावर डोक्यावरचं ऊन सरळ आत येतं, उजेड कमी आणि उकाडा जास्त. वरचा उजेड पाहिजे तर छताला उत्तरेच्या बाजूनं उंची द्या आणि तिथं उभी काच घ्या.

अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही, समोर काय आहे ते बघा. उत्तरेला शेजाऱ्याचं घर असेल आणि त्यानं त्याला पोपटी ऑइलपेंट मारला असेल तर तुमच्या पांढऱ्यात पोपटी येणार. गच्चीवर हा त्रास कमी, आकाश मोकळं असतं, तो पण एक मुद्दा वरच्या बाजूनं धरा. आतल्या भिंती फिकट राखाडी किंवा मळकट पांढऱ्या, छत पांढरं, फरशी शहाबादी. स्टुडिओ म्हणून एक भिंत पिवळी वगैरे करायचा मोह आवरा.

रात्रीच्या कामाला ४ फुटी एलईडी बॅटन लागतील, २० वॉटची असेल तर एक साधारण २००० ल्युमेन देते, १२ बाय १२ ला पाच धरा. दुकानात "कूल डे लाइट" म्हणून ६५०० केल्विनची निळसर गळ्यात मारतात, ती नको, ४००० ते ५००० मधली मागा आणि सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वर आहे का विचारा. दुकानदार तुमच्याकडं बघत राहील, खोक्यावर बघून घ्या, नाहीतर ऑनलाइन. सगळ्या एकाच जातीच्या. एक पिवळी एक पांढरी केलं की रंग जुळवताना डोकं फिरतं.

पूर्वेचं म्हणाल तर सासऱ्यांसाठी दार पूर्वेला घ्या, घरात शांतता राहील.

एकच_ट्यूबलाइट

एवढं सगळं वाचून मला तर दम लागला. मी बेडरूमच्या कोपऱ्यात एका ट्यूबखाली बसून चित्रं काढत आलोय, लोकांनी विकत पण घेतलीत. चार लाखात आयुष्याचे रंग आणि कागद येतात. खोली झाली की काम होतं असं काही नसतं, माझ्या ओळखीत दोघांनी स्टुडिओ बांधले आणि आता तिथं पापड वाळत घालतात.

सातारचा_उजेड

@एकच_ट्यूबलाइट चित्रं नेली त्यांनी घरी गेल्यावर उन्हात बघितली का ते विचारा एकदा 😄 बाकी पापडाचं खरं आहे. पण ताईंचं काम आत्ता हॉलमध्ये रोज चालू आहे, त्यांना जागा नाही म्हणून अडतंय. ज्याचं काम चालू नाही त्यानं खोली बांधू नये इतकंच म्हणू.

मिरज_खर्ज

रेकॉर्डिंगचं कोणीच बोलेना म्हणून मी बोलतो. मिरजेचा, तंबोरे-सतारींच्या गल्लीच्या जवळच घर, घरात थोडंफार रेकॉर्ड करतो.

सरळ सांगतो, एका खोलीत दोन्ही नाही होत. चित्राला मोठ्या खिडक्या पाहिजेत, वारा पाहिजे, हलकं छत चालतं. आवाजाला खिडकी म्हणजे भोक. जिथून हवा जाते तिथून आवाज जातो, सरकती खिडकी तर कितीही बंद करा फट राहतेच. वर पॅनलचं छत, पाऊस सुरू झाला की जून ते सप्टेंबर अभंगाला ताशाची साथ. साध्या पत्र्यापेक्षा कमी वाजेल पण माइकला ऐकू येईलच.

अंड्याच्या ट्रेचं खूळ कुठून निघालं देव जाणे. त्यानं बाहेरचा आवाज आत यायचा थांबत नाही, आतला बाहेर जायचा थांबत नाही, घुमणं पण नावालाच कमी होतं, आणि वर झुरळं आणि पेटायची भीती. आवाज अडवायला वजन लागतं, जाड भिंत, जड दार, फटी बंद. घुमणं कमी करायला मऊ आणि जाड काहीतरी लागतं. ही दोन वेगळी कामं आहेत, लोक एकच समजतात आणि फोम चिकटवून बसतात. पातळ फोमनं वरच्या पट्टीचा आवाज तेवढा मरतो, हार्मोनियमचा खर्ज तसाच घुमत राहतो, मग रेकॉर्डिंग गोणपाटातून आल्यागत वाटतं.

तुमच्या मिस्टरांना सांगा, पहिल्या मजल्यावर सगळ्यात आतली बेडरूम कुठली आहे ती बघा, रस्त्याच्या बाजूची नको. गादी आहे, पडदे आहेत, कपड्यांचं कपाट आहे. कपाटाची दारं उघडी टाका, त्याच्याकडं पाठ करून बसा, समोरच्या भिंतीला दोन गोधड्या दोरीवर टांगा, भिंतीपासून चार बोटं सोडून. माइक पेटीपासून दीड-दोन फूट आणि गळ्यासाठी दुसरा. पंखा बंद. फुकट काम. यातून पुढं पाहिजे असेल तर रॉकवूलची ५० मिलिमीटरची पाटी कापडात गुंडाळून चौकटी करा आणि कोपऱ्यात उभ्या करा, त्या परत काढून ठेवता येतात.

एक विनंती, पेटी खालच्या ओल्या खोलीत ठेवू नका आणि वरच्या तापणाऱ्या खोलीत पण नको. लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, भात्याला भेगा पडतात. घरात तंबोरा असेल तर त्याला तर बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवूच नका, भोपळा ओल धरतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून सगळ्यांना अभिमान आहे, पण तो तंबोरा घरी नेऊन कूलरसमोर उभा करणारे पण आपलेच.

रंगधानी_सांगली

@मिरज_खर्ज दादा तुमचा रिप्लाय ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. आधी तोंड पाडलं, मग गोधड्या शोधायला माळ्यावर चढले, आता आमच्या बेडरूममध्ये आजेसासूबाईंची गोधडी टांगलीय. एक प्रश्न सुटला.

आता मला वासाचं आणि पावसाळ्याचं सांगा कोणीतरी. मागच्या वर्षी जलरंगाच्या अख्ख्या पॅडवर तपकिरी ठिपके आले. वर नेल्यावर ओल नसेल ना?

वाईची_कागदपेटी

जमिनीतली ओल नसेल, हवेतली असणारच. मी वाईत, घाट जवळ, आमच्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातले चपला-पट्टे पांढरे होतात तर कागदाचं काय सांगू. मी पण मुलांचे क्लास घेते म्हणून दोन्हीचं लिहिते.

कागद आणि कॅनव्हास बाहेरच्या भिंतीला चिकटून कधीच नाही, रॅक भिंतीपासून तीन-चार इंच पुढं, खालून पण अर्धा फूट उंच. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळायची सवय असते आपल्याला, पण पावसाळ्यात गुंडाळलं की आतली दमट हवा आतच राहते आणि बुरशी धरते. उन्हाळ्यात कोरड्या हवेत भरून, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसकट ठेवा, जेल मधून मधून तापवून कोरडं करायचं. मोठ्या कागदांसाठी कपाट असेल तर आत जुना तारेचा छोटा बल्ब लावायची पद्धत चांगली आहे, त्याच्या उबेनं हवा कोरडी राहते. एलईडीनं नाही होत, तो तापत नाही. बल्ब कागदापासून लांब आणि जाळीत. एकदा पॅडचं सायझिंग, म्हणजे कागदाला दिलेली खळ, ओलीनं गेलं की रंग टिपकागदात शोषल्यासारखा पसरतो, ते पॅड मुलांना कच्च्या कामाला द्या.

टर्पेंटाइनचा वास म्हणजे एक्झॉस्ट फॅन, बरोबर, पण सगळे तो छतापाशी बसवतात. टर्पेंटाइनची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली बसते. फॅन इझलच्या बाजूच्या भिंतीत खालच्या अंगाला आणि समोरच्या बाजूनं ताजी हवा यायला खिडकी किंवा जाळी. ज्या दिवशी मुलं येणार त्या दिवशी बाटली उघडायचीच नाही, मी तर शुक्रवारी रात्रीच कपाटात कुलूप लावून ठेवते.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, जवसाच्या तेलाची फडकी. ब्रश पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं, फडकी चुरगळून ढिगात असतील तर ती उष्णता बाहेर पडत नाही, आणि काडी न लावता पेट घेतात. खरंच. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात तर विचारूच नका. झाकणाचा पत्र्याचा डबा, त्यात पाणी, फडकी त्यात. किंवा एकेक पसरून बाहेर दोरीवर पूर्ण कडक वाळवून मग टाका. पफ पॅनलचं ऐकल्यापासून मला तेच डोळ्यासमोर येतंय.

बेसिन घ्याच, पण ॲक्रिलिकचं पाणी सरळ बेसिनमध्ये ओतू नका, पाइपात रबरासारखं बसतं. दोन बादल्या ठेवा, पहिल्या बादलीत ब्रश धुवायचे, रात्रभर गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी ओतायचं, खालचा गाळ वाळवून कचऱ्यात. बेसिन खालच्या मजल्यावरच्या बाथरूमच्या डोक्यावर येईल असं धरा म्हणजे पाइप कमी.

मुलं वर येणार म्हणजे कठडा बघा, साडेतीन फुटापेक्षा कमी असेल तर वर लोखंडी पाइप टाका. जिन्याला दोन्ही बाजूला आधार. आणि पालक मुलांना सोडायला आले की वरपर्यंत चढतात, तिथंच गप्पा मारत उभे राहतात, त्यांना बसायला खालीच बाकडं टाका, हे अनुभवाचे बोल.

गावभाग_तळमजला

ते फडक्याचं मला माहीतच नव्हतं. आमच्याकडं सुताराची फडकी अशीच पडलेली असतात.

वाईची_कागदपेटी

सुतार पॉलिशला जवसाचं तेल वापरत असेल तर त्याला पण सांगा.

रंगधानी_सांगली

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. ड्रॉइंग सापडलं, ट्रंकेतच होतं, लग्नाच्या अल्बमखाली. आता प्रश्न असा की कॉलमच्या सळया फक्त मागच्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूच्या चार कॉलमवर वर काढलेल्या आहेत, पुढच्या दोनवर नाहीत. मागच्या चार कॉलममधलं अंतर १२ बाय १३ भरतं. मिस्त्री म्हणतोय पुढं पत्र्याला साधे पाइप उभे करून १८ पर्यंत नेऊ. सळया गंजून लाल झाल्यात.

स्लॅब_बीम_कॉलम

१२ बाय १३ वरच थांबा. नशिबानं उत्तर बाजूच मिळालीय. चार कॉलम, चार बीम, भिंती बरोबर त्यांच्यावर येतात, यापेक्षा चांगलं काय पाहिजे. पुढची सहा फूट जागा मोकळी ठेवा, चांगल्या हवेत मुलं तिथं बसतील. पाइप स्लॅबच्या मधोमध उभे करू देऊ नका.

सळयांचा गंज तारेच्या ब्रशनं घासून बघा. वरवरचा लाल असेल तर साफ करून गंजरोधक लावून वापरता येतात, पापुद्रे निघून सळई बारीक झाली असेल तर नाही, मग कोणातरी स्ट्रक्चरलवाल्याला प्रत्यक्ष दाखवा, फोटोवरून मी सांगणार नाही. सळईभोवती काँक्रीट फुगलंय का, तडा आहे का, ते पण बघायला सांगा.

पैसे उरतील त्यात रॉकवूलचं पॅनल बसतंय का बघा, वाईच्या ताईंनी फडक्यांचं सांगितल्यावर माझं मत पक्कं झालं.

सातारचा_उजेड

१२ बाय १३ उत्तर बाजू, वा! खिडक्यांची जागा ठरवायच्या आधी एक करा. गच्चीवर जिथं इझल येणार तिथं एक पांढरा बोर्ड उभा करा आणि सकाळी आठला, दुपारी आणि साडेचारला स्वतः जाऊन बघा, मोबाइलचा फोटो नको, तो रंग स्वतःच्या मनानं सुधारतो. पाण्याची टाकी कुठं आहे? तिची सावली किंवा काळ्या टाकीचा काळोख खिडकीत येत नाही ना?

रंगधानी_सांगली

टाकी बरोबर ईशान्येच्या कोपऱ्यात आहे. 🙈 वास्तूप्रमाणे पाणी तिथंच पाहिजे म्हणून सासऱ्यांनीच बसवलीय.

सातारचा_उजेड

मग टाकी राहू द्या, सासऱ्यांशी वाद नको. सकाळचं तिरपं ऊन त्याच बाजूनं येतं, ते टाकी अडवेल, तुमची तिकडची उभी पट्टी वाचली. खिडक्या वायव्येकडं सरकवून घ्या, फक्त पश्चिमेच्या बाजूची पट्टी मात्र पुरी दोन फूट.

एकच_ट्यूबलाइट

दार किती रुंद ठेवणार? बाकी काही नाही पण पाच फुटी कॅनव्हास अडीच फुटी दारातून आणि वळणाच्या जिन्यातून खाली कसा आणायचा याचा विचार आत्ताच करा.

रंगधानी_सांगली

दार साडेतीन फूट सांगते. जिना मोजला, वळणावर चार फूट बाय पाच फूट कसाबसा वळतोय, त्यापेक्षा मोठा असेल तर फ्रेम उतरवून गुंडाळूनच न्यावा लागेल. सळया बघायला शुक्रवारी एकजण येतायत, काय म्हणतात ते इथंच टाकते.